कोकरांवरची पाटी

“त्या पाटीकडं बघूच नगं, बाबा. ती कुणालाबी कुटंबी धाडती. हिकडं बघ, माझ्या हाताकडं.”

“अम्मा, बोर्ड पे तो अक्कलकोट सीदे हात कू लिख्या है,” टरबुजांच्या ट्रकमधून ड्रायव्हरनं मान बाहेर काढून उजवीकडं बोट केलं.

“लिवलं आसंल. लिवणाऱ्याला कुटं जायचं हाय? हा माझा डावा हात. ह्या हाताला वळ. कुंभारी लागंल, वळसंग लागंल, मग अक्कलकोट. त्या हाताला वळलास तर गावात शिरशील. सात रस्त्याच्या चौकात पोलीस हुबा आसतोय. त्येला टरबूज लई आवडतंय.”

ड्रायव्हरला मराठी किती कळलं कोण जाणे, पण पोलीस आणि टरबूज एवढं कळलं. ट्रक डावीकडं वळला. केराबाईनं तो पार वळेपर्यंत बघितलं, मग ती आपल्या जागेवर आली, गुडघ्यावर वाकून पाटीखाली डोकावली आणि कोकरं मोजली. बारा. सगळी धापा टाकत होती, पण सगळी होती.

ही पाटी वेगळी. सोलापूरच्या रिंगरोडला अक्कलकोटचा रस्ता जिथं छेदून जातो, तिथं हैदराबादकडून येणाऱ्यांसाठी दोन पाट्या होत्या. एक दोन लोखंडी खांबांवर उभी होती आणि ती चुकीची होती. दुसरी त्याच खांबांच्या पुढ्यात आडवी होती आणि ती बरोबर होती. बरोबर पाटीचं तोंड जमिनीकडं होतं आणि तिच्याखाली केराबाईची कोकरं बसत.

झालं होतं ते असं. विजापूरकडून येणाऱ्यांची पाटी तयार करताना कुणीतरी एकाच्या दोन केल्या आणि एकेक दोन्ही बाजूंना लावून टाकली. त्यामुळं हैदराबादकडून आलेल्या माणसाला उभी पाटी सांगायची, की सरळ गेलास तर हैदराबाद, उजवीकडं अक्कलकोट, डावीकडं सोलापूर. खरं तर सरळ विजापूर, डावीकडं अक्कलकोट आणि उजवीकडं सोलापूर. केराबाई इथं आली त्याच दिवशी, सकाळी हैदराबादहून निघालेला एक जण ती पाटी वाचून गाडीतून उतरला, मागं बघितलं, पुढं बघितलं आणि बायकोला म्हणाला, “आपण वळलो कधी गं?” मग गाडी फिरवून तो आल्या वाटेनं निघून गेला. त्याचं पुढं काय झालं ते केराबाईला कळलं नाही.

चूक रस्ते खात्याच्या ध्यानात आली. दिवाळीच्या आधी बरोबर पाटी तयार होऊन आली आणि टेम्पोतून खांबांच्या पुढ्यात उतरवली गेली. ती वर चढवायला हायड्रा लागते, पिवळी, लांब मानेची क्रेन. हायड्रा उद्या येईल असं ठरलं आणि टेम्पो गेला.

त्याच सुमाराला केराबाई आणि तिचा नवरा धुळा ऐंशी मेंढरं घेऊन सांगोल्याकडून हिकडं आले होते. रस्त्याकडच्या पडीक रानाचा मालक संगमेश. त्याच्या रानात मेंढरं बसवायची, रानाला लेंडीखत मिळायचं आणि ह्यांना मेंढवाड्याला जागा, बोअरचं पाणी. धुळा सकाळी मेंढरं घेऊन जायचा, तो दिवस कलल्यावर यायचा. पंधरा दिवसांच्या आतली कोकरं मेंढरांमागं चालू शकत नाहीत. ती मागं ठेवावी लागतात, सावलीला, आणि त्यांच्याजवळ माणूस लागतो. तो माणूस म्हणजे केराबाई. लग्न होऊन आल्यापासून तिनं हेच केलं होतं. गावं बदलली, रानं बदलली, ती कोकरांजवळ बसून राहिली.

सावली मात्र मिळेल तिथं शोधावी लागे. मागच्या वैशाखात ते कुर्डुवाडीच्या बाजूला होते. तिथं एका बाभळीखाली कोकरं ठेवली, आणि बाभळीची सावली म्हणजे फाटक्या चाळणीची. दोन दिवसांत चार कोकरं उन्हानं गेली. केराबाईनं ती पुरली, हात धुतले आणि राहिलेल्यांना दूध पाजायला बसली. पण त्या दिवसापासून ती कुठल्याही रानात गेली की आधी वर बघे. इथं आल्यावर वर बघितलं तर रुंद केलेल्या रस्त्याला एक झाड नव्हतं. मग तिनं खाली बघितलं आणि पाटी दिसली.

धुळा, संगमेश आणि त्याचे दोन गडी, चौघांनी पाटी उचलली. चार कोपऱ्यांना दगड रचले, वर उसाचं पाचट अंथरलं, पाचटावर पोती. पोती दिवसातून तीनदा भिजवायची, म्हणजे पत्रा तापत नाही. पाटी पालथी घालण्याआधी संगमेशनं वाचली होती.

“केराबाई, ही तर खरी पाटी हाय की,” तो म्हणाला होता. “वरली खोटी हाय. ही वर जायाला पायजे.”

“मग ते येत्याल आन् नेत्याल की,” धुळा म्हणाला.

“आन् तवर लोकं चुकत्याल त्याचं?”

त्यावर चौघंही पुरुष तंबाखू मळायला लागले. केराबाई म्हणाली, “पाटी आमी घेतली. तर पाटीचं काम बी आमीच करायला पायजे.”

आणि ती करायला लागली. गाडी हळू झाली की उठायचं, रस्त्याच्या कडेला जायचं आणि हात करायचा. पहिल्याच दिवशी तिनं एका मास्तराला समोर उभं राहून डावा हात दाखवला. मास्तर त्या हाताकडं गेला, म्हणजे त्याच्या उजवीकडं, आणि थेट गावात शिरला. तेव्हापासून ती कधी गाडीच्या समोर उभी राहिली नाही. गाडीचं तोंड जिकडं, तिकडंच आपलं तोंड करून बाजूला उभं राहायचं, मग हात दाखवायचा. कानडी ड्रायव्हर असला तर ‘एडक्क’ म्हणायचं, तेलुगू असला तर ‘एडम’. दोन्हींत डावीकडं जवळपास सारखंच, हे तिला बरं पडलं. कारण बहुतेकांना डावीकडंच धाडायचं असे. त्यानंतर सात महिन्यांत तिच्यासमोरून कुणी चुकून गेला नाही. ती पाण्याला गेली की मात्र चुकत. बोअर रस्त्यापलीकडं अर्ध्या मैलावर होती आणि जाऊन यायला अर्धा तास लागे. त्या अर्ध्या तासाचं तिला सारखं लागून राही. घागर भरताना ती वळून वळून रस्त्याकडं बघे.

घोटाळा झाला तो अशाच एका अर्ध्या तासात. रिंगरोडच्या पाट्या तपासायला वरचे एक साहेब आले होते. त्यांना सोलापुरात मुक्कामाला जायचं होतं. त्यांनी पाटी वाचली, डावीकडं वळले आणि अक्कलकोटात पोचले. तिथून त्यांनी फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गुरुशांत आला. खात्यातला नवा इंजिनीअर, पंचवीस-सव्वीसचा, पांढऱ्या बोलेरोतून. टरबुजांचा ट्रक नुकताच वळला होता.

“मावशी, इथं एक बोर्ड टाकलेला होता. हिरवा. दिवाळीच्या आधी.”

“केवढा?” केराबाईनं विचारलं.

“बारा फूट लांब, आठ फूट रुंद.”

“लईच मोटा म्हणायचा. कोण न्हेईल बाबा? ठिवायचा कुटं?”

पाटीखाली एक कोकरू ओरडलं. गुरुशांतनं दगडांकडं बघितलं, पाचटाकडं बघितलं. पोत्याच्या कडेखालून हिरव्या पत्र्याची एक पट्टी उन्हात चमकत होती. त्यानं शर्टाच्या बाह्या सारल्या, मोबाईलचा दिवा लावला आणि पाठीवर पडून आत सरकला. बाहेर फक्त त्याचे बूट राहिले.

नेमकी तेव्हाच हायड्रा आली.

केराबाईनं ती लांबूनच ओळखली. पिवळी, लांब मान पुढं काढलेली. ती कशाला आली हे सांगायला नको होतं. उभ्या पाटीजवळ येऊन ती हळू झाली. ड्रायव्हरनं वर बघितलं. केराबाईचा हात सवयीनं उठला, खांद्यापर्यंत उठला. मग तिनं तो डोक्याकडं नेला आणि पदर सारखा केला. हायड्रा उजवीकडं वळली आणि सोलापूर शहराच्या दिशेनं निघून गेली.

“मावशी, हाच आहे,” पाटीखालून आवाज आला. “पण विजापूरचा बाण कुणी खाल्ला?”

“त्यो पांढऱ्या कानाचा. त्येला कायबी चालतंय.”

गुरुशांत बाहेर आला. पाठीला लेंड्या चिकटल्या होत्या. त्या त्यानं झटकल्या नाहीत, कारण दिसत नव्हत्या.

“बोर्ड आज चढवायचाय. चारच्या आत वर फोटो पाठवायचाय. नाही तर मला लेखी द्यावं लागेल, की खात्याचा बोर्ड सात महिने मेंढरांखाली...”

“मेंढरांखाली न्हाय. कोकरांवर.”

“तेच ते.”

“तेच कसं? बाबा, मागल्या वैशाखात माजी चार गेली उन्हानं. आता ही बारा हायती. पाटी न्हेलीस तर मी ह्यांस्नी कुटं ठिवू? तूच बघ. झाड दाव मला एक.”

गुरुशांतनं खरंच सभोवार बघितलं. मग तो दुसरंच बोलला. “मावशी, मी समजू शकतो. पण माझ्या हातात नाही.”

“आन् ती वरली खाली काढशील, तिचं काय?”

“ती स्टोअरला जमा करायची.”

“तितं काय करत्यात तिचं?”

“ठेवतात.”

“कशाला?”

हे गुरुशांतला आजवर कुणी विचारलं नव्हतं. “चुकीची आहे म्हणून,” तो म्हणाला. त्याचं त्यालाच ते पटलं नाही, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हायड्रावाला महेश्वर होता. आवाज एवढा मोठा की केराबाईलाही सगळं ऐकू येत होतं.

“साहेब, मला सात रस्त्यावर पोलिसानं बाजूला घेतलंय. दिवसा आत कशाला आणली म्हणतोय. एक वाजल्याबिगर सोडत न्हाई.”

“सात रस्त्यावर? तिकडं कुणी बोलावलं होतं?”

“तुमीच म्हणला की, अक्कलकोट रस्त्याला या. बोर्डावर अक्कलकोट उजवीकडं हाय. वळलो उजवीकडं.”

“महेश्वर, तोच बोर्ड बदलायचाय.”

“मग तसं लिहायचं की त्याच्यावर!”

फोन ठेवल्यावर गुरुशांत बोलेरोच्या चाकाला टेकून उभा राहिला. केराबाई पोत्यांवर पाणी शिंपडत होती.

“म्या बगितली ती पिवळी गाडी,” ती पाठमोरीच म्हणाली. “हितनंच गेली.”

“मग हाक मारायची ना!”

“समद्यांस्नी मारते की. आज न्हाय मारली.”

गुरुशांतला ह्यावर रागवावं असं वाटलं, पण ती बोलली होती ते इतकं सरळ, की राग कुठून धरावा कळेना. तो गाडीत जाऊन बसला आणि एसी लावला.

केराबाईला वाटलं होतं, हायड्रा गेली म्हणजे आजचा दिवस तरी टळला. तो टळला नाही, फक्त उशिरावर गेला. अकराला ऊन सोसण्यासारखं होतं. तासाभराचं काम असतं तर तिनं दोन काठ्यांवर घोंगडं ताणून, वर पाणी मारून निभावलं असतं. बारानंतर रस्त्यावर डांबर मऊ पडलं. वारा सुटला तो भट्टीतून आल्यासारखा. घागरीत वीतभर पाणी राहिलं, आणि बोअरला जावं तर मागं पाटी उचलून नेतील. ती गेली नाही. पोती वाळली. पांढऱ्या कानाचं कोकरू एरवी एका जागी ठरत नसे, ते मान टाकून पडलं होतं. केराबाईनं त्याच्या तोंडावर ओला हात फिरवला. आपलाच हात पदराकडं गेला म्हणून ही वेळ, हे तिला कळत होतं. त्यावर आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

दीड वाजता महेश्वर आला. उतरल्या उतरल्या त्यानं उभ्या पाटीकडं बघून दोन शिव्या घातल्या, मग आडव्या पाटीभोवती फिरला.

“साहेब, हे छप्पर आधी हलवायला लागंल. खांबापुढंच हाय. हे काढल्याबिगर गाडी आत लागत न्हाई, आन् वरला बोर्ड उतरत न्हाई.”

“काढ मग.”

“आत जनावरं हायती.”

दोघांनी केराबाईकडं बघितलं. केराबाई बोलेरोकडं बघत होती.

“तुज्या गाडीत गार हाय न्हवं?” ती म्हणाली.

“मावशी! खात्याची गाडी आहे ती.”

“मग? कोकरं कुटं म्हणत्यात, खाजगी पायजे म्हणून?”

महेश्वरनं तोंड फिरवलं आणि खांबाचे नट बघायला लागला. गुरुशांतनं घड्याळात बघितलं, आभाळाकडं बघितलं, पांढऱ्या कानाच्या कोकराकडं बघितलं. ते उचलून घेतलं तर त्याची मान हातावरून खाली लोंबली. त्यानं पुढचं दार उघडलं, आपली बॅग काढून टपावर ठेवली आणि ते कोकरू आपल्या सीटवर ठेवलं. त्यानं आणि केराबाईनं मिळून बाकीची अकरा नेली. केराबाई मागच्या सीटवर चढली, चार कोकरं मांडीवर घेतली आणि दार लावून घेतलं. एसीचा वारा थेट तोंडावर आला. तिनं पदर कानावर ओढला. थोड्या वेळानं पांढऱ्या कानाचं उठलं आणि गिअरचा दांडा चाटायला लागलं, तेव्हा तिनं श्वास सोडला.

काचेतून तिला सगळं दिसत होतं. पोती आणि पाचट ओढून बाजूला टाकलं, पाटी उचलून कडेला ठेवली. दगडांच्या मधे लेंड्यांचा काळा चौकोन उघडा पडला. मग वरची पाटी. नट गंजलेले होते. महेश्वरनं हातोडा घातला, तेल घातलं, परत शिव्या घातल्या. चुकीची पाटी खाली आली, बरोबर पाटी वर गेली. अडीचचे तीन झाले. हिरव्या पाटीवर डावीकडं अक्कलकोट, उजवीकडं सोलापूर, आणि सरळ विजापूरचा बाण टोकाला कुरतडलेला. गुरुशांतनं फोटो काढला. फोटोच्या कोपऱ्यात बोलेरोच्या काचेला नाक लावलेलं एक कोकरू आलं, म्हणून परत काढला आणि पाठवला.

मग तो गाडीजवळ आला आणि काचेवर टकटक केली. केराबाईनं काच कशी खाली करायची ते विचारलं, त्यानं बाहेरून खुणेनं दाखवलं. काच चार बोटं खाली आली.

“झालं, मावशी. उतरा आता.”

“छप्पर कुटं हाय?”

“अहो, माझी चारला मीटिंग आहे.”

“जा की. आमी बसलोय हितं.”

“गाडी घेऊनच जायचंय मला!”

“मग चल. बारा कोकरं आन् मी. मीटिंगीत सावली आसंलच.”

गुरुशांतनं महेश्वरकडं बघितलं. महेश्वर हायड्राच्या पायरीवर बसून बिडी ओढत होता. न्यायला उचललेली चुकीची पाटी हायड्राच्या आकड्याला लटकून वाऱ्यावर हळूहळू फिरत होती, त्यामुळं तिच्यावरचं अक्कलकोट कधी उजवीकडं येत होतं, कधी डावीकडं.

“साहेब,” महेश्वर म्हणाला, “स्टोअरला न्यायचा तर सात रस्त्यावरनंच जायला लागतंय. त्या पोलिसानं मला बगून ठिवलंय. मी आज काय तिकडं जात न्हाई.”

गुरुशांत बराच वेळ रुमालानं मान पुसत राहिला.

“आठ दिवस,” तो शेवटी काचेच्या फटीत म्हणाला. “आठ दिवसांनी मी हा बोर्ड न्यायला येणार.”

“मिरगापातूर.”

“पंधरा दिवस. त्यापुढं नाही.”

“मिरीग पंधरा दिवसावरच हाय, बाबा. पाऊस लागला की आमी बी जातोय आमच्या गावाकडं. मला काय ती जन्माला पुरवायची हाय का?”

गुरुशांतनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की काय म्हणून, हे महेश्वरनं विचारलं नाही. त्यानं बिडी विझवली आणि हायड्रा सुरू केली. दगड खांबांपासून दहा पावलं मागं सरकवून परत रचले. पाटी वर आली तेव्हा महेश्वरनं ओरडून विचारलं, “मावशे, अक्षरं वर करायची का खाली?”

“खाली. कोकरांस्नी वाचाया येत न्हाय.”

कोकरं उतरवली. बोलेरोत मागं काय काय राहिलं ते गुरुशांतनं बघितलं नाही. चारही काचा उघड्या ठेवून तो गेला. त्याच्या पाठीवरच्या लेंड्या वाळून तशाच होत्या. केराबाईनं सांगितलं नाही. त्याच्यामागून महेश्वर गेला, पाटी बारकाईनं वाचून, सरळ.

तिनं पाचट अंथरलं, पोती ओढली. वीतभर पाण्यातलं निम्मं पोत्यांवर गेलं, निम्मं कोकरांच्या तोंडाला लावलं. घागर रिकामी झाली. ती वाकून मोजायला लागली. बारा. पांढऱ्या कानाचं नव्या पाटीची कड हुंगत होतं.

रस्त्यावर एक गाडी थांबली. आत नवरा-बायको, मागं पोरं.

“मावशी, अक्कलकोट कुठं?”

केराबाई सवयीनं उठली, गाडीच्या बाजूला गेली, गाडीकडं तोंड न करता पुढं तोंड करून उभी राहिली. मग थांबली.

“पाटीवर बघ की,” ती म्हणाली. “आता खरी हाय.”

नवऱ्यानं मान वाकडी करून वर बघितलं. “डावीकडं?”

“ती म्हणती न्हवं? मग डावीकडंच.”

गाडी डावीकडं वळली. केराबाई ती वळेपर्यंत थांबली. मग तिनं घागर कमरेला घेतली, दुसऱ्या हातात डबा घेतला, रस्ता ओलांडला आणि संगमेशच्या बोअरकडं चालायला लागली. रानातल्या ढेकळांत ती पोचली असेल नसेल, तोवर मागं कुणीतरी गाडी थांबवून हॉर्न वाजवला, एकदा, दोनदा. दिवस कलायच्या आत दोन खेपा करायच्या होत्या. मेंढरं आली की त्यांना पाणी लागतं.

ती चालत राहिली.